छंदावर ऑनलाइन लिहायचंय आणि घरही सांभाळायचंय? कामाचा क्रम असा लावा

मी चावीच्या घड्याळांवर लिहितो. अशाच आडवाटेच्या छंदांवर नव्याने लिहू लागलेली माणसं मला भेटत असतात. कुणी शाईच्या पेनांवर लिहितं, कुणी शेवाळांवर, कुणी टपाल तिकिटांच्या छपाईतल्या चुकांवर. छंद वेगळे असले तरी अडचण एकच असते. पहिले दोन महिने जोरात जातात, तिसऱ्या महिन्यात घरात कुरबुर सुरू होते, मग एक दिवस लेखनही थांबतं आणि छंदाच्या सामानावरही धूळ बसते.

यात आळशी कुणीच नसतं. क्रम उलटा लागलेला असतो. आधी वेबसाइटचं नाव ठरतं, मग ‘दर सोमवारी आणि गुरुवारी नवा लेख’ अशी घोषणा होते, मग लेख लिहायला घेतला जातो, मग वेळ पुरत नाही हे कळतं आणि सगळ्यात शेवटी, भांडण झाल्यावर, घरच्यांशी बोलणं होतं. मीही हेच केलं होतं. घोषणा केलेली तारीख पाळायची म्हणून सलग काही महिने जेवताना माझा लॅपटॉप उघडा असायचा. त्या काळात घरात कोण काय बोललं, हे मला आज आठवत नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या नऊ पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिल्या पाच पायऱ्या पहिला लेख प्रसिद्ध होण्याच्या आधीच्या आहेत आणि त्यांना पाच-सहा महिनेही लागू शकतात. हा काळ कमी करू नका.

पायरी १: दोन आठवडे फक्त वेळेची नोंद

सलग १४ दिवस एक वही जवळ ठेवा. दर दोन-तीन तासांनी एक ओळ लिहायची: काय केलं, किती वेळ केलं आणि तेव्हा डोकं कसं होतं. तिसऱ्या रकान्यात तीनच खुणा असू द्या. ‘ता’ म्हणजे ताजं. ‘थ’ म्हणजे थकलेलं. ‘अ’ म्हणजे अर्धं, जेव्हा हात रिकामे असतात पण लक्ष वाटलेलं असतं: मुलं शेजारी खेळताहेत, प्रवास चाललाय, कुणाच्या तरी फोनची वाट पाहताय.

बहुतेक जण या ‘अ’ वेळेवरच सगळं गणित बांधतात आणि तिथेच फसतात. अर्ध्या लक्षात खर्डा लिहून होत नाही आणि शेजारच्या माणसाकडेही पाहिलं जात नाही. दोन्ही बाजूंनी तोटा. म्हणून हिशेबात फक्त ‘ता’ धरा.

आठवड्याचे तास १६८. त्यातून सर्वांत आधी झोप वजा करा. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रौढांना रोज किमान सात तास झोपेची शिफारस केली, म्हणजे आठवड्याला ४९ तास गेले. मग नोकरी, येणं-जाणं, घरकाम, घरातल्यांची दुखणीखुपणी, माणसांच्या गाठीभेटी. शेवटी जे ‘ता’ तास उरतील त्यांची बेरीज करा. आकडा लहान येईल आणि तुम्हाला निराश करेल. नोंद प्रामाणिक असली की तो असाच येतो.

आता तो आकडा निम्मा करा. हे घाबरट गणित वाटेल, पण त्याला आधार आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी अंदाज निघाला ३४ दिवसांचा. प्रत्यक्षात लागले ५५ पेक्षा जास्त. सगळंच बिनसलं तर किती लागतील, हेही त्यांना विचारलं होतं. तो अंदाजसुद्धा कमीच पडला. आपण सगळे असेच आहोत.

इशारा: ‘पहाटे चारला उठून लिहीन’ हे रात्री नऊला झोपणाऱ्यालाच झेपतं. झोपायची वेळ न बदलता उठायची वेळ अलीकडे आणली, तर तो वेळ उसना असतो आणि त्याची वसुली घरच्यांवरच्या चिडचिडीतून होते.

तपासणी: या दोन आठवड्यांत कुणी आजारी पडलं किंवा अचानक पाहुणे आले, म्हणून ते दिवस वगळले का? वगळले असतील तर परत धरा. वर्षातले बरेच आठवडे असेच जातात. निम्मा केलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पाचव्या पायरीला लागेल.

पायरी २: छंद आणि लेखन यांची खाती वेगळी करा

ही पायरी जवळजवळ सगळेच चुकवतात, कारण दोन्ही गोष्टी एकच वाटतात. घड्याळ उघडणं हा माझा छंद आहे आणि घड्याळ उघडण्याबद्दल लिहिणं हे काम आहे. दोन्हीला वेळ लागतो, दोन्ही एकाच खिशातून जातात आणि लेखनाला तारीख असल्यामुळे ते नेहमी छंदाचा वाटा खातं.

एकदा तब्बल सहा महिने मी नियमित लिहीत होतो आणि त्यात एकही घड्याळ उघडलं नव्हतं. लेख बरे होते, पण त्यात नवं काही नव्हतं. जुनी टिपणं ढवळून मी तेच पुन्हा वाढत होतो, आणि छंदातून मिळणारा निवांतपणा गेल्यामुळे घरी सतत करवादलेला असायचो.

म्हणून निम्म्या केलेल्या आकड्याचे पुन्हा दोन समान भाग करा: एक छंदाला, एक लेखनाला. लेखनाचे तास संपले तर छंदाच्या खात्यातून उचल घ्यायची नाही. उलट दिशेने हरकत नाही. एखाद्या आठवड्यात लिहावंसं वाटलं नाही, तर तो वेळ खुशाल छंदाला द्या. लेखाचं बी तिथेच पडतं.

तपासणी: छंदाच्या वेळात हातात फोन घेऊन प्रत्येक कृतीचा फोटो काढायची सवय लागली आहे का? तसं असेल तर तो वेळ लेखनाच्या खात्यात लिहा.

पायरी ३: घरच्यांशी बोलणं, आकडा हातात घेऊन

हे बोलणं आता करायचं. आधी नाही, कारण मांडायला आकडा नव्हता. नंतर नाही, कारण तोवर सगळं ठरलेलं असतं आणि विचारणं नुसतं नावापुरतं उरतं.

‘मला जरा समजून घ्या’ ही मागणी करू नका. तिची हद्द कुठे आहे ते कुणालाच कळत नाही, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. नेमकी वेळ मागा आणि नेमकी वेळ द्या. माझ्या घरी हे बोलणं साधारण असं झालं:

“मला बुधवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ आणि रविवारी सकाळी सात ते आठ लिहायला बसायचंय. तेवढंच.”

“साडेनऊ म्हणजे साडेनऊ ना? की ‘हे एवढं संपवतो’?”

“साडेनऊला लॅपटॉप बंद. लेख अर्धा राहिला तरी.”

“मग शनिवार संध्याकाळ माझी. तेव्हा घड्याळही नको आणि फोनही नको.”

“कबूल.”

यात सगळ्यात किमती वाक्य ‘लेख अर्धा राहिला तरी’ हे आहे. घरच्यांना तुमचा छंद खुपत नाही. खुपतं ते हे, की तुम्ही उठणार कधी याचा भरवसा नसतो. माणूस खोलीत आहे, पण त्याला हाक मारावी की नको हे कळत नाही, आणि या अनिश्चिततेने माणसं दमतात. शेवटची वेळ पक्की असेल, तर मधला वेळ बहुतेक जण आनंदाने देतात.

याच बैठकीत आणखी तीन गोष्टी ठरवा.

पहिली, लेखात कोण येईल. जोडीदार, आईवडील, मुलं यांचे प्रसंग लिहायचे असतील तर छापण्याआधी त्यांना ते वाचायला द्यायचे आणि ‘नको’ म्हटलं की कारण न विचारता काढायचे. लहान मुलांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे: नाव नाही, चेहरा नाही, शाळा नाही. आज ती ‘हो’ म्हणतील, पण पंधरा वर्षांनी त्यांना ते आवडेल की नाही हे आज ती सांगू शकत नाहीत.

दुसरी, घर किती दिसेल. संग्रहाच्या वस्तू मोलाच्या असतील, तर फोटोत मागे दिसणारी खिडकी, दार, कपाट यांचा विचार करा. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये बऱ्याचदा तो कुठे काढला ती जागाही नोंदलेली असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा. हे आजच करण्यासारखं आहे, दोन मिनिटांचं काम.

तिसरी, पैसा. छंदाचा खर्च आणि लेखनाचा खर्च (वेबसाइट, कॅमेरा, दिवे) मिळून महिन्याची कमाल मर्यादा ठरवा. लेखनातून कमाई होईल, हे गृहीत धरून खर्च करू नका.

इशारा: नोकरी असेल तर नेमणुकीच्या करारातली बाहेरच्या कामाबद्दलची कलमं आधी वाचा. काही ठिकाणी विनामोबदला लेखनालाही कळवण्याची अट असते. कार्यालयाचा लॅपटॉप आणि कार्यालयाचा ईमेल यासाठी अजिबात वापरू नका.

एकटे राहत असाल तरी ही पायरी आहेच. ज्यांचे फोन तुम्ही ‘नंतर करतो’ म्हणून टाळता, ती तुमची घरची माणसं. त्यांची नावं लिहा आणि त्यांना एक ठरलेला वार द्या.

पायरी ४: विषय लेखाएवढा लहान करा

‘चावीची घड्याळं’ हा विषय नाही, ते कोठार आहे. त्यातून एका बैठकीत मावणारा प्रश्न काढावा लागतो. तो काढला नाही की लेख लांबतो, लेख लांबला की साडेनऊचे अकरा होतात.

उदाहरण घ्या. ‘चावीचं घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे का पळू लागतं?’ याचं नेहमी आढळणारं कारण एक आहे. घड्याळ लोहचुंबकाजवळ राहिलं की आतल्या हेअरस्प्रिंगचे, म्हणजे केसासारख्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, तिची उपयोगी लांबी कमी होते आणि बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती ठरवणारं हेलकावणारं चाक, भराभर हेलकावू लागतं. घड्याळ होकायंत्राजवळ धरलं आणि सुई हलली, की संशय बळावतो. एक प्रश्न, एक कारण, एक चाचणी, तीन फोटो. हा लेख माझ्या आवाक्यातला.

आता नुसता शब्द बदला: ‘चावीचं घड्याळ मागे का पडतं?’ सुकलेलं तेल, धूळ, थकलेली मुख्य स्प्रिंग, बिघडलेली जुळणी, घड्याळ ठेवण्याची दिशा. प्रत्येक कारण तपासायला काही दिवस निरीक्षण लागतं. दिसायला तेवढाच प्रश्न, पण हे पाच लेख आहेत. मी तो एकच समजून बसलो होतो आणि तीन रविवार घालवले.

स्वतःच्या छंदातले असे ३० प्रश्न लिहा. प्रत्येकासमोर लिहा: कारणं किती, निरीक्षण किती दिवसांचं, फोटो किती. ज्या प्रश्नाला तीनपेक्षा जास्त कारणं आहेत, तो फोडा. ३० प्रश्न सुचत नसतील तर अजून थोडे दिवस छंदच करा, लेखनाला घाई नाही.

पायरी ५: सहा लेख हातात, मगच पहिला प्रसिद्ध

सहा पूर्ण लेख. खर्डे नाहीत, कल्पना नाहीत. तपासलेले, फोटो लावलेले, मथळा दिलेले सहा लेख.

हे लिहिताना प्रत्येकाला लागलेला वेळ पाच भागांत नोंदवा: टिपणं आणि निरीक्षण, खर्डा, खातरजमा, फोटो, वेबसाइटवर चढवणं. ‘लेखाला किती वेळ लागला’ असं विचारलं की नवा लेखक फक्त खर्ड्याचा वेळ सांगतो. माझ्या लेखांत खर्ड्याला साधारण दोन तास लागतात आणि बाकीच्या चार भागांना मिळून पाच. घरच्यांना दिलेलं वचन मोडतं ते या पाच तासांत.

पहिल्या दोन लेखांचा वेळ सोडून द्या, ते शिकण्यात गेले. उरलेल्या चारांची सरासरी काढा. आता वहीचं पहिलं पान उघडा.

समजा नोंदीत आठवड्याचे आठ ‘ता’ तास निघाले. निम्मे केले, चार. त्यातले दोन छंदाला, दोन लेखनाला. लेखाची सरासरी सात तास. म्हणजे एका लेखाला साडेतीन आठवडे, अर्थात महिन्याला एक. आठवड्याला दोन नव्हे, महिन्याला एक. हा आकडा पाहून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. पण वर्षाला बारा लेख, प्रत्येक नीट तपासलेला, एका छोट्या विषयावर: एवढं साहित्य त्या विषयावर आपल्या भाषेत आधी कुठे एकत्र होतं, ते शोधून पाहा. बहुतेक आडवाटेच्या विषयांवर नसतंच.

अंतर ठरलं की सहापैकी पहिला लेख प्रसिद्ध करा आणि पुढचे तीन वेळ लावून ठेवा. वर्डप्रेस, ब्लॉगर, सबस्टॅक या सगळ्यांत पुढची तारीख देऊन लेख ठेवण्याची सोय आहे. दोन लेख मात्र वेळ न लावता बाजूला असू द्या. ते अडीअडचणीसाठी.

इशारा: वाचकांना वार आणि तारीख जाहीर करू नका. ठरलेलं अंतर तुमच्या वहीत असू द्या. जाहीर केलेली तारीख चुकली, तर फार थोड्या वाचकांच्या लक्षात येतं. पण ती चुकू नये म्हणून तुम्ही जे घरी मोडता, ते सगळ्यांच्या लक्षात राहतं.

तपासणी: सहा लेख लिहिताना ठरलेल्या वेळेला किती वेळा उठलात? दहा बैठकांपैकी आठ वेळा तरी उठला नसाल, तर प्रसिद्ध करणं पुढे ढकला आणि तिसऱ्या पायरीवर परत जा.

पायरी ६: बसायची आणि उठायची रीत

बसण्याआधी आजच्या बैठकीचं एकच काम एका ओळीत लिहा. ‘लेख पुढे नेणे’ हे काम नाही. ‘होकायंत्राच्या चाचणीचा परिच्छेद लिहिणे’ हे काम आहे.

गजर उठायच्या वेळेला लावू नका, दहा मिनिटं आधी लावा. ही दहा मिनिटं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहेत. गजर झाला की लिहिणं थांबवायचं, वाक्य अर्धं असेल तर अर्धंच. मग कागदावर तीन गोष्टी टिपायच्या: कुठे थांबलो, पुढचं वाक्य काय असणार आणि पुन्हा कधी बसणार. तो वारही लिहायचा.

अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामाला चिकटून राहतो, हे २००९ साली सोफी लेरॉय यांच्या अभ्यासात दिसलं. त्यावरचा उपायही अभ्यासातूनच सापडतो: २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलं की अर्धवट कामाचं पुढचं पाऊल कधी आणि कसं टाकायचं याची नेमकी योजना केली, तर ते काम पूर्ण न होताही मनात कमी लुडबुड करतं. माझ्यापुरतं सांगतो, ही टिपणं सुरू केल्यापासून जेवताना समोरच्याचं बोलणं माझ्यापर्यंत पोचायला लागलं.

‘थ’ वेळ वाया घालवायची गरज नाही. फोटोंना नावं देणं, फोटो कापणं, जुन्या लेखातले दुवे चालतात का ते पाहणं, शुद्धलेखन, ही कामं थकलेल्या डोक्याने होतात. खातरजमा मात्र थकलेल्या डोक्याने करू नका. आकडे आणि तारखा तिथेच चुकतात.

‘अ’ वेळात काहीही करू नका. मुलं समोर असताना फोनवर टिपणं घेणं हे बाहेरून फोन बघण्यासारखंच दिसतं. सुचलेली कल्पना सोडवत नसेल तर दोन शब्द लिहा आणि फोन खाली ठेवा.

पायरी ७: प्रसिद्ध झाल्यानंतरचे दोन दिवस

नवे लेखक लेखनाचा वेळ मोजतात, पण लेख बाहेर पडल्यानंतरचा वेळ मोजत नाहीत. खरी ओढाताण तिथे आहे. कुणी वाचलं का, कुणी काय म्हटलं, आकडा किती झाला. एकेक नजर अर्ध्या मिनिटाची असते, पण ती दिवसभर विखुरलेली असते. शिवाय छंद आडवाटेचा, म्हणून त्याबद्दल बोलणारं माणूस भेटलं की भूक भागल्यासारखं होतं. वर्षानुवर्षं घरात कुणाला बॅलन्स व्हीलमध्ये रस नव्हता आणि आज कुणीतरी त्यावर प्रश्न विचारतंय! ही ओढ खरी आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. म्हणूनच तिला वेळेच्या चौकटीत बसवावं लागतं.

आधी फोनवरच्या सूचना बंद करा: लेखाच्या, ईमेलच्या, ज्या गटांत लेख पाठवता त्या गटांच्याही. मग लेख कधी बाहेर पडेल ते ठरवा. घरच्यांना दिलेल्या वेळेच्या लगेच आधी तो अजिबात नको. शनिवार संध्याकाळ त्यांची असेल तर लेख मंगळवारी सकाळी येऊ द्या, म्हणजे पहिली लाट तुमच्या कामाच्या दिवसांत विरून जाईल.

उत्तरं देण्यासाठी पहिले दोन दिवस रोज वीस मिनिटांची एक वेळ ठेवा, त्यानंतर आठवड्यातून एकदा. ही वीस मिनिटं लेखनाच्या खात्यातूनच जातात.

उत्तरांचा क्रमही ठरवून घ्या. कुणी वस्तुस्थितीतली चूक दाखवली तर ती पहिली: तपासा, दुरुस्त करा, दुरुस्ती केल्याचं लेखातच नोंदवा. चुकीने कुणाची वस्तू बिघडण्याचा धोका असेल, तर ठरलेल्या वेळेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दुरुस्त करा. दुसरे, खरे प्रश्न. तिसरे, मतभेद, त्यांना निदान एक रात्र जाऊ द्या. टोमणे आणि चिडवणं यांना उत्तर नाही.

खासगी संदेशांतून ‘माझं एवढं बघून सांगा ना’ अशा विनंत्या येतील. सुरुवातीला प्रत्येकाला लांब उत्तर द्यावंसं वाटतं, मीही द्यायचो. आता एकच प्रश्न तीन जणांनी विचारला की तो ३० प्रश्नांच्या यादीत जातो आणि त्याचा लेख होतो. बाकीच्यांना दोन ओळींत मोकळेपणाने सांगतो की एकेकाचं पाहणं मला जमत नाही.

वाचकसंख्येचे आकडे महिन्यातून एकदाच पाहा. आडवाटेच्या विषयावरचे लेख बऱ्याचदा शोधातून, काही महिन्यांनी, गरज पडलेल्या माणसाला सापडतात. पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

तपासणी: लेख आल्यावरच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या एकाला विचारा, “काल मी किती वेळा फोन पाहिला?” तुमचा अंदाज आधी कागदावर लिहून ठेवा.

पायरी ८: खंड पडेल, त्याची तयारी आजच

आजारपण, परीक्षा, घर बदलणं, कुणाचं जाणं. खंड पडणारच. त्यासाठीचे नियम शांत असताना लिहून ठेवा, म्हणजे त्या वेळी ठरवत बसावं लागत नाही.

माझे नियम थोडके आहेत. तयार लेखांचा साठा चारपेक्षा कमी झाला की दोन लेखांमधलं अंतर दीडपट करायचं. साठा एकावर आला की प्रसिद्ध करणं थांबवायचं. घरात कुणी गंभीर आजारी असेल, तर साठा कितीही असो, उत्तरं देणं त्याच दिवशी बंद.

परत येताना लांबलचक माफीनामा लिहू नका. लहानसा, एका प्रश्नाचा लेख द्या आणि पुढे चला. सवय मोडली, आता सगळं गेलं, असं वाटतं ते खरं नसतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ पर्यंत कितीही दिवस लागू शकतात असं दिसलं, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही.

इशारा: खंडानंतर ‘भरून काढण्यासाठी’ दुप्पट लिहू नका. घर नुकतंच एका अडचणीतून बाहेर आलेलं असतं.

पायरी ९: दर तीन महिन्यांनी हिशेब

वही घेऊन घरच्यांसोबत अर्धा तास बसा. चार प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.

ठरलेल्या वेळेला मी उठतो का? तुमच्यासाठी ठेवलेल्या वेळात मी तुमच्यापाशी असतो का? लेखात आलेली कुठली गोष्ट तुम्हाला खटकली का? हे असंच चालू राहावं असं तुम्हाला वाटतं का?

मग एक प्रश्न स्वतःला: गेल्या तीन महिन्यांत फक्त स्वतःसाठी, कुठेही न लिहिण्यासाठी, छंदात किती तास घालवले?

उत्तरं चांगली आली तर काही बदलू नका. विशेषतः लेखांची संख्या वाढवू नका, ती वाढवण्याचा मोह याच वेळी होतो. वाढवायचीच असेल तर पहिली पायरी पुन्हा, १४ दिवसांची नोंद पुन्हा.

उत्तरं वाईट आली तर कापण्याचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी आकडे पाहणं आणि गटांत लेख पाठवणं. त्याने भागलं नाही तर उत्तरं देण्याचा वेळ. मग लेखांमधलं अंतर दुप्पट. मग लेखांची लांबी. त्यानंतरही कुरबुर राहिली तर तीन महिने लेखन पूर्ण बंद, आणि त्या तासांतले निम्मे घराला, निम्मे छंदाला. छंदाच्या तासांना मात्र हात लावू नका.